लोखंड्यांचे भोसले : अक्कलकोटच्या घराण्याच्या कुळाचा प्रश्न

अक्कलकोट म्हटले की बहुसंख्य मराठी वाचकांना स्वामी समर्थ आठवतात, आणि ते साहजिकच आहे. दर्शन आटोपून राजवाड्याकडे वळणारे त्या मानाने थोडे. जे वळतात त्यांना तेथले शस्त्रागार पाहायला मिळते, आणि शस्त्रांच्या त्या दाटीतून बाहेर पडताना त्यांतल्या एखाद्याच्या मनात प्रश्न येतो की हे भोसले कोणते? साताऱ्याचे भोसले कळतात, कोल्हापूरचे कळतात, तंजावरचेही कळतात. नागपूरच्या भोसल्यांविषयी थोडे अडखळायला होते. अक्कलकोटच्या भोसल्यांपाशी मात्र वंशावळीचा कागद सरळ उलगडतच नाही. शहाजीराजे, शिवाजीराजे, संभाजीराजे, शाहू इथवर रेघ नीट येते, आणि पुढे 'फत्तेसिंह' या नावाशी एक वेगळीच रेघ कोठूनतरी बाजूने येऊन मिळते. ती रेघ लोखंडे या आडनावाची आहे.

बखरी शिकवताना आम्ही हा प्रसंग पुष्कळदा सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी वर्गातून एकच शंका निघते. ते 'खरे' भोसले होते का? या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देण्याआधी तो प्रश्न कोणत्या काळात जन्मला हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रसंग थोडक्यात असा. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, शाहूची मोगलांच्या छावणीतून सुटका झाली. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा असलेला हा मुलगा अठरा वर्षांनी, पंचविशीतला तरुण होऊन परतत होता. खानदेशातून अहमदनगरकडे येताना वाटेवरच्या पारद गावी त्याला विरोध झाला. गावचा पाटील सयाजी लोखंडे याने गढीचे दरवाजे लावून घेतले, झुंज झाली, आणि पाटील मारला गेला. तेव्हा त्याच्या विधवेने आपले लहान मूल शाहूपुढे आणून टाकले व हे मूल आता तुमचे, असे म्हणून अभय मागितले. शाहूने मूल उचलले. मुलाचे नाव राणोजी होते. स्वराज्यात पाऊल ठेवताना मिळालेली ही पहिलीच फत्ते, म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले गेले, आणि पुढे शाहूने त्याला स्वतःचे आडनावही दिले.

ही कथा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटावी. शत्रूच्या पत्नीने मूल राजाच्या पायांवर घालणे हा प्रसंग लोककथांत आणि पुराणांत वारंवार येतो, त्यामुळे सावध वाचकाला वाटते की एखाद्या गोड कल्पनेने इतिहासाची जागा तर घेतली नाही ना? आमच्या मते तशी शंका येथे फार ताणता येत नाही, कारण कथेचा गाभा घराण्याला सोयीचा नाही. वंशाचा आरंभ सांगताना मूळ पुरुषाचा जन्मदाता बाप आपल्याच धन्याच्या फौजेकडून मारला गेला, असे कोणी हौसेने रचत नाही. रचायचेच असते तर भोसल्यांच्या एखाद्या दूरच्या शाखेतला अनाथ मुलगा रचता आला असता, कोणी हरकत घेतली नसती. मराठी वंशावळींत अशा सोयीच्या शाखा विपुल सापडतात. अक्कलकोटकरांच्या बाबतीत तसे घडले नाही. लोखंडे हे नाव टिकून राहिले.

या कथेत आम्हांस सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती त्या मुलाची आई. ग्रँट डफच्या १८२६ मधल्या इतिहासात ती केवळ एक स्त्री आहे. तिचे नाव नाही, पुढे तिचे काय झाले तेही नाही. नवरा नुकताच पडलेला, गाव लुटला जाण्याच्या बेतात, आणि हाती असलेली एकच मोलाची गोष्ट ती मारणाऱ्याच्याच हवाली करते. बखरकारांना यात शाहूचे औदार्य दिसले, आणि ते होतेही. पण औदार्य ज्या व्यवहाराने शक्य झाले त्यात तिने मोजलेली किंमत वंशावळीत लिहायला जागाच नसते. वंशावळ पुरुषांची यादी असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पारदला जो माणूस भोसले हे नाव देत होता त्याचे स्वतःचे भोसलेपण त्याच आठवड्यांत वादात होते. ताराबाईंनी शाहूला तोतया ठरवले होते. खरा शाहू मोगलांकडेच आहे किंवा मेला आहे, हा कोणी भलताच पाठवला आहे, असा त्या पक्षाचा प्रचार होता. यात राजकारण होते हे उघड आहे. तरी अठरा वर्षे कोणी न पाहिलेल्या माणसाची ओळख पटवायची कशी हा प्रश्नही खोटा नव्हता. ताराबाईंच्या सैन्यात असलेल्या धनाजी जाधवांनी आणि खंडो बल्लाळांनी खात्री करून घेतली, आणि ऑक्टोबर १७०७ मधल्या खेडच्या लढाईत धनाजी शाहूकडे वळले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला. म्हणजे शाहूला 'शाहू' ठरवणारी गोष्ट अखेर काही सरदारांची मान्यता आणि एक जिंकलेली लढाई ही होती. त्याचे जन्मनावही शाहू नव्हते, आजोबांवरून ठेवलेले शिवाजी होते. शाहू हे नाव औरंगजेबाने दिले अशी परंपरा आहे. परक्याने दिलेले नाव घेऊन आपले कूळ सिद्ध करायला निघालेला राजा वाटेत एका परक्या मुलाला आपले कूळ देतो, हे एका बाजूला कारुण्याचे आणि दुसऱ्या बाजूला धूर्तपणाचे कृत्य आहे. जो दुसऱ्याला भोसले करू शकतो तो स्वतः भोसले असलाच पाहिजे. शाहूच्या मनात हा हिशेब होता असे आम्ही म्हणत नाही. पण पाहणाऱ्यांच्या मनावर त्याचा परिणाम तसा झाल्यावाचून राहिला नसेल.

हे दत्तक शास्त्रोक्त होते काय, यावर नंतरच्या काळात बराच खल झाला. धर्मशास्त्रात पुत्रांचे अनेक प्रकार सांगितले आहेत. दत्तक वेगळा, क्रीत वेगळा, कृत्रिम वेगळा. मुलगा आईबापांनी द्यावा लागतो. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने द्यावा की नाही यावर निबंधकारांत मतभेद आहेत. एकुलता एक मुलगा देऊ नये असेही वचन आहे. गागाभट्टांच्याच भट्ट घराण्यातले नीलकंठभट्ट यांचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथ पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला, आणि त्यातल्या दत्तकप्रकरणावर वकिलांच्या पिढ्या पोसल्या. त्या चष्म्यातून पाहिले तर पारदच्या गढीसमोर ना होम, ना ज्ञातिबांधव, ना पित्याची संमती. पण त्या दिवशी पारदला कोणी व्यवहारमयूख उघडून बसलेले नव्हते. मूल हाती आले, ते वाढवले, त्याला नाव दिले. आमच्या जुन्या भाषेत यासाठी 'मानसपुत्र' आणि 'पालकपुत्र' असे शब्द आहेत, आणि शाहूशी फत्तेसिंहांचे नाते सांगताना दत्तकापेक्षा हेच शब्द जवळचे वाटतात.

त्यांना वाढवले ते विरूबाईंनी. कैदेत असताना शाहूची लग्ने झाली तेव्हा लग्नाबरोबर आलेली ही स्त्री पुढे साताऱ्याच्या वाड्याची कर्तीधर्ती झाली. राण्यांहून तिचा शब्द चाले. फत्तेसिंहांना तिने मुलाप्रमाणे सांभाळले. म्हणजे अक्कलकोटच्या संस्थापकाला एक आई जन्म देणारी, जिचे नाव ग्रंथकारांनी लिहिले नाही, आणि दुसरी वाढवणारी, जी शाहूची विवाहित पत्नी नव्हती. महाभारत वाचलेल्या आपल्या समाजाला राधेय हे नाव ठाऊक आहे. पण कर्णाच्या बाबतीत झाकलेले कूळ थोर निघते, त्यामुळे कथेला शेवटी न्याय सापडल्यासारखे वाटते. येथे झाकण्यासारखे काहीच नव्हते. एक पाटलाचा मुलगा होता, आणि तो पाटलाचा मुलगा आहे हे सर्वांना ठाऊक होते.

आता या नावाने काय मिळाले ते पाहू. अक्कलकोट व भोवतालचा मुलूख मिळाला, फौज मिळाली, छत्रपतींच्या शेजारची जागा मिळाली. १७२५ ते १७२७ या काळातल्या कर्नाटकच्या दोन स्वाऱ्यांत, चित्रदुर्ग व श्रीरंगपट्टणच्या बाजूला, सेनेचे नाममात्र आधिपत्य फत्तेसिंहांकडे होते आणि बाजीराव पेशवे बरोबर होते. बाजीरावांचे या स्वाऱ्यांत मन नव्हते, त्यांची नजर उत्तरेकडे. १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या मोहिमेतही फत्तेसिंह होते. सर्वांत मोठी स्वारी १७४० ची, रघुजी भोसल्यांबरोबर. मे महिन्यात दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली मारला गेला, आणि मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद करण्यात आले.

या स्वारीचा तपशील युद्धाच्या इतिहासकारांवर सोपवू. आमचे लक्ष वेधते ते तिच्या दोन सेनापतींच्या आडनावांकडे. दोघेही भोसले. एक जन्माने लोखंडे. दुसरे हिंगणीकर भोसले, ज्यांचा शिवछत्रपतींच्या वेरूळकर शाखेशी रक्तसंबंध आहे की केवळ नामसाम्य, यावर आजही एकमत नाही. आणि ज्या घराण्याशी संबंध जोडायचा त्या मूळ घराण्याचे काय? १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचे कूळ उदेपूरच्या सिसोद्यांशी जोडले गेले. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी २००१ साली 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' या ग्रंथात ते दक्षिणेकडे, कर्नाटकातल्या होयसळ परंपरेकडे नेले. ढेऱ्यांचे प्रतिपादन सर्वांनी मान्य केले असे नाही. पण एवढे खरे की ज्या मापाने अक्कलकोटकरांना मोजायचे ते मापच वादातीत नाही. कानडी, मराठी आणि तेलुगू जेथे एकाच बाजारात ऐकू येतात त्या अक्कलकोटात बसून ढेरे वाचताना हा विचार अधिक ठळकपणे जाणवतो.

तेव्हा अठराव्या शतकात नाव ही वतनासारखी गोष्ट होती, असे आमचे मत आहे. राजा सरंजाम देई तसे नावही देई. ते घेणाऱ्याने तलवारीने राखावे. पण प्रत्येक सनदेत जशी हद्द लिहिलेली असते तशी या नावालाही हद्द होती, आणि ती कोठे आहे हे १७४९ मध्ये कळले.

शाहूला पुत्र नव्हता. प्रकृती ढासळली तेव्हा गादीचा प्रश्न उभा राहिला. फत्तेसिंह हयात होते, कर्ते होते, चाळीस वर्षे छत्रपतींच्या मांडीला मांडी लावून वाढलेले होते. तरीही गादीवर त्यांना बसवले गेले नाही. ताराबाईंनी पुढे केलेला रामराजा, आपला नातू, लहानपणापासून लपवून वाढवलेला, तो आणण्यात आला. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले, जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर बसला. भोसले हे नाव स्वारीवर जायला पुरले, जहागीर चालवायला पुरले. राज्याभिषेकाला पुरले नाही. तेथे रक्तच लागले.

आणि ते रक्त तरी कसले निघाले? वर्ष सरायच्या आत, नोव्हेंबर १७५० मध्ये, ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि हा आपला नातू नव्हे, गोंधळ्याचा पोर आहे असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर तसे शपथेवर सांगितले. इतिहासकारांत काहींना तो खराच नातू वाटतो, काहींना नाही. मराठी राज्याच्या सर्वोच्च जागी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे असा माणूस बसून होता ज्याच्या जन्माविषयी त्याची आजीच शपथेवर नकार देऊन गेली होती. ज्याच्या जन्माविषयी कोणालाच शंका नव्हती तो फत्तेसिंह, लोखंड्यांचा राणोजी, अक्कलकोटची जहागीर सांभाळत १७६० मध्ये वारला. कूळ माहीत असणे आणि कूळ योग्य असणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते!

फत्तेसिंहांनाही दत्तकच घ्यावा लागला. त्यांचे पुतणे शहाजी गादीवर आले. म्हणजे नाव भोसल्यांचे, पण पिढी पुन्हा लोखंड्यांच्या घरातून. शहाजींच्या पश्चात १७८९ मध्ये दोन मुलांत भाऊबंदकी माजली, ती पुण्यापर्यंत गेली; हा भाग कोणत्याही मराठी जहागिरीच्या इतिहासासारखाच असल्याने सोडून देतो.

'खरे भोसले कोण' हा प्रश्न आज आपण ज्या स्वरात विचारतो तो स्वर एकोणिसाव्या शतकात घडला. त्यात एका स्कॉटिश माणसाचा मोठा वाटा आहे. १८१८ नंतर साताऱ्यास नेमला गेलेला कॅप्टन जेम्स ग्रँट याने १८२० मध्ये छत्रपतींच्या जहागीरदारांशी करार केले, त्यांत अक्कलकोटचे दुसरे फत्तेसिंहही होते. करार करायचा तर समोरचा कोण, त्याचा हक्क कोठून आला, हे दप्तरात लिहावे लागते. पारदची कथा इंग्रजीत गेली ती याच माणसाच्या लेखणीने. आणि गंमत अशी की तो ग्रंथ छापला गेला तेव्हा ग्रंथकाराचे स्वतःचे नाव बदललेले होते. मायदेशी परतल्यावर, १८२५ च्या सुमारास, ईडन नावाची मालमत्ता वारशाने त्याच्याकडे आली आणि तिच्याबरोबर डफ हे नाव त्याने आपल्या नावास जोडले. ग्रँटचा ग्रँट डफ झाला. जमिनीबरोबर नाव येते हे त्याला अक्कलकोटकरांविषयी लिहिताना नवल वाटायला नको होते. त्याच्या लेखनात तशी जाणीव मात्र कोठे डोकावत नाही. स्कॉटलंडात ही रीतच होती. नाव घेतल्यावाचून मालमत्ता नाही, अशा अटी तेथल्या मृत्युपत्रांत सर्रास असत. आपल्याकडच्या दत्तकाला बनावट म्हणणाऱ्या साहेबांनी आपापल्या घरची मृत्युपत्रे एकदा पुन्हा वाचायला हवी होती.

याच सुमारास साताऱ्यात कुळाची चर्चा तापत होती. प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी १८३० मध्ये मराठ्यांच्या क्षत्रियत्वावर आणि वेदोक्त संस्कारांच्या अधिकारावर मोठा वाद झाला. क्षत्रियत्व सिद्ध करायचे तर वंशावळी शुद्ध हव्यात, कोणाचे कूळ कोठून आले हे दाखवता आले पाहिजे. अशा वातावरणात दिलेल्या नावाची किंमत उतरते, जन्माच्या नावाची चढते. वास्तविक प्रतापसिंहांचे वडील, दुसरे शाहू, हेही १७७७ मध्ये वावीच्या भोसल्यांकडून रामराजाला दत्तक आलेले. पण ते भोसल्यांतून भोसल्यांत, म्हणून त्यावर कोणी बोट ठेवले नाही. इकडे अक्कलकोटला १८२८ मध्ये आठ वर्षांचे दुसरे शहाजी गादीवर आले. साताऱ्याने कारभार हाती घेतला, त्याविरुद्ध १८२९-३० मध्ये बोरगावच्या शंकरराव सरदेशमुखांनी बंड केले, आणि ते मोडल्यावर कारभार साताऱ्याकडून काढून इंग्रज अधिकाऱ्याकडे गेला. ज्यांच्या पूर्वजाने त्यांना कूळ दिले त्या गादीचा कारभार अक्कलकोटच्या मुलखाला नको होता, असाही याचा अर्थ लावता येईल. आम्ही तो थोडा जपूनच लावू. बंडामागे वतनाचे आणि हक्कांचे प्रश्न होते, कुळाचे नव्हते.

यानंतर जे घडले त्याला दैवाचा खेळ म्हणण्यापलीकडे शब्द नाही. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजी उर्फ अप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो नामंजूर केला आणि १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. दत्तक पुत्राला राज्याचा वारसा नाही, हा न्याय. त्याच वेळी अक्कलकोटची जहागीर, जिचा उगमच एका होमावाचूनच्या दत्तकात होता, थेट इंग्रजांची मांडलिक होऊन सुखरूप राहिली. कारण एवढेच की त्या वर्षी अक्कलकोटच्या गादीवर एक जिवंत माणूस होता. तत्त्व म्हणून जे कुऱ्हाडीसारखे उगारले गेले ते प्रत्यक्षात कोण कोणत्या साली मेला यावर अवलंबून होते. पुढे दत्तकाची सनद घराण्याला मिळाली आणि भीती गेली.

१८५७ मध्ये दुसरे मालोजीराजे आले. स्वामी समर्थ अक्कलकोटात आले ते याच सुमारास, आणि १८७८ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या पूर्वायुष्याविषयी भक्तांच्या श्रद्धा अनेक आहेत, त्यांत आम्ही शिरत नाही. येथे फक्त इतकेच नोंदवतो की या गावाने ज्याला सर्वांहून जवळ केले त्याच्याकडे कुळाचा दाखला मागितला नाही. राजांकडे मात्र इंग्रज सरकार दाखले मागत राहिले. गैरकारभाराच्या कारणावरून १८६६ मध्ये मालोजीराजांचा अधिकार काढून घेण्यात आला, १८७० मध्ये ते वारले, अल्पवयीन तिसरे शहाजी गादीवर आले, आणि १८९६ मध्ये तेही औरस पुत्रावाचून गेले. मग पुन्हा दत्तक, पुन्हा एक लहान मूल, पुन्हा फत्तेसिंह हेच नाव. ४९८ चौरस मैलांचा मुलूख आणि १९०१ च्या खानेसुमारीत ८२ हजारांची वस्ती या मुलाच्या नावे चालू लागली. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

घराण्याच्या बाजूने लिहिणारे अनेकदा पारदचा प्रसंग दोन ओळींत आटोपतात आणि शाहूपासून सरळ रेघ ओढतात. कूळ उकरणारे तेवढ्याच दोन ओळींवर बोट ठेवून बाकी अडीच शतके पुसून टाकतात. आम्हांस दोघांशीही भांडायचे आहे, कारण दोघांच्याही मांडणीत सयाजी लोखंडे पुन्हा एकदा मारला जातो. त्याने दरवाजे लावून घेतले ते कोणाच्या बाजूने? ताराबाईंच्या, मोगलांच्या, की येणारा हा तरुण खरोखर संभाजीराजांचा मुलगा आहे हे पटले नाही म्हणून? तिसरी शक्यता खरी असेल तर अक्कलकोटच्या घराण्याचा आरंभ असा होतो की एका पाटलाने दुसऱ्याच्या कुळावर शंका घेतली, जीव गमावला, आणि त्याचा मुलगा त्याच कुळाचे नाव लावून मोठा झाला.